बस्त्याव अंकलचे पाहुणे

शहामृगाला "गुड मॉर्निंग सर, झोप नीट झाली ना?" असं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतो. त्याहून नवल म्हणजे शहामृग उत्तर देतं. निदान बस्त्याव अंकल तसं शपथेवर सांगतात. उत्तर देताना ते नजरेला नजर देत नाही, एवढीच त्यांची तक्रार.

अंकल मूळचे वसईचे. बत्तीस वर्षं इथे आखातात एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगला. या काळात त्यांनी इतक्या चादरी अंथरल्या, की एकीला एक जोडल्या तर इथल्या खोर फक्कान बंदरापासून वसईच्या किनाऱ्यापर्यंत अख्खा समुद्र झाकला जाईल, आणि वर चारही कोपरे चापून खोचलेले असतील. आमच्या अल मजाजच्या इमारतीत शिरताना ते लिफ्टच्या कठड्यावरून बोट फिरवतात आणि वॉचमनला दाखवतात. "कंप्लेंट येता कामा नये!" वॉचमन बिचारा त्यांच्या येण्याच्या वेळेला जिन्यात लपतो.

तर हे गृहस्थ दर शनिवारी सकाळी इमारतीतली मुलं गोळा करून जवळच्या झूमध्ये नेतात. झू म्हणजे काय हो, उंटाला वळायचं असेल तर शेजारच्या शहामृगाची परवानगी काढावी लागते, एवढंसं. सिंह एकच. तो शेवटचा कधी गरजला ते त्यालाही आठवत नसावं. पण अंकलच्या लेखी ते पंचतारांकित हॉटेल! प्रत्येक पिंजरा म्हणजे रूम, आतला प्राणी म्हणजे गेस्ट.

"हळू बोला रे पोरांनो. रूम नंबर चार, गेस्ट झोपलेत."

"अंकल, इट्स जस्ट अ गोट," आमची आठ वर्षांची सई म्हणते.

"गोट असली म्हणून काय झालं? लाँग स्टे आहे तिचा. पाच वर्षं इथंच आहे."

मग पाण्याच्या टाकीत बोट बुडवून तपासणी. तिथले राखणदार खानसाब, पेशावरचे, मिश्यांनी निम्मा चेहरा झाकलेला माणूस. अंकल त्यांना दर खेपेला नवी सूचना करणार. "हबीबी, उंटाच्या रूममध्ये शेड कमी पडतेय. गेस्ट तोंडाने बोलत नाही, पण चेहऱ्यावर दिसतं." खानसाब हात जोडतात. "बस्तू भाई, ये ऊँट है. इसका चेहरा पैदाइशी ऐसा है." पण पुढच्या शनिवारी उंटावर हिरवं कापड ताणलेलं होतं. मी डोळ्यांनी पाहिलं. उंट तसाच नाराज होता, पण सावलीत.

मला वाटायचं, माणसाला नाद असतो एकेक. एकदा मुलं माकडांपुढे रमली असताना आम्ही दोघं इथला वेलचीवाला करक चहा घेत बाकावर बसलो होतो. अंकल खिशातल्या वहीत काहीतरी लिहीत होते. मी डोकावलो. 'सई: सिंह दात घासतो का? (खानला विचारणे.) छोटी मुलं साडेदहाला कंटाळतात. पाणी आधी, मग माकड.'

"हे काय, अंकल?"

"ट्रेनिंग," ते म्हणाले. "रायन येतोय डिसेंबरला. लीनाचा मुलगा. साडेतीन वर्षांचा."

लीना ही त्यांची एकुलती एक लेक. ती लहान असताना अंकल दोन वर्षांतून एकदा वसईला जायचे. "तिला राणीच्या बागेत न्यायचं ठरलं होतं. ती रजा घराचं छप्पर दुरुस्त करण्यात गेली. पुढच्या रजेला ती म्हणाली, पप्पा, मी आता मोठी झाले." त्यांनी चहाचा कप उगाचच गोल फिरवला. "पोरांना हात धरून फिरवायचं कसं, मला कुठे ठाऊक? तुमच्या पोरांवर शिकलो. रायन फोनवर तासभर गप्पा मारतो हो. पण प्रत्यक्षात मी त्याला एकदाही भेटलो नाय. जवळच आला नाय तर?"

आणि नेमकं तेच झालं. विमानतळावर रायनने आजोबांकडे एकदा पाहिलं आणि आईच्या मागे दडला. "हे आजोबा नाहीत," त्याने जाहीर केलं. "आजोबा फोनमध्ये राहतात." चार दिवस झाले. अंकल हॉलमध्ये आले की पोरगं बेडरूममध्ये. अंकलनी इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी केली, चॉकलेटांचं अर्धं दुकान आणलं. काही उपयोग नाही.

"पप्पा, वेळ द्या त्याला," लीना म्हणाली.

"देतो की. पण तिकीट चौदा दिवसांचं आहे गं. चार गेले."

पाचव्या दिवशी आम्ही सगळे झूला गेलो. वही खिशात, बत्तीस वर्षांचा अनुभव पाठीशी, पण रायन आईच्या जीन्सला चिकटलेला. अंकल पुढे आले की तो मागे. शेवटी उंटाजवळ अंकल दिसेनासे झाले. मला वाटलं, गेले बिचारे डोळे पुसायला.

तेवढ्यात लीनाच्या पर्समधला फोन वाजला. व्हिडिओ कॉल.

"आजोबाऽऽ!" रायनने फोन हिसकावला. "मी झूमध्ये आलोय!"

"हो का? मग उंटसाहेबांना हाय म्हणा बघू." आवाज एकदम खणखणीत. "आता उजवीकडे. तिथे मोठ्ठ्या मानेचे गेस्ट आहेत."

पोरगं फोन छातीशी धरून निघालं, पिंजऱ्यामागून पिंजरा. मागे दहा पावलांवर, बाभळीआडून, कचऱ्याच्या डब्याआडून, खानसाबच्या पाठीआडून अंकल वाकत वाकत चालत होते. खानसाब तर आपले दोन्ही हात पसरून त्यांना झाकत होते.

"ही इज राइट देअर! बिहाइंड द..." सई ओरडली. मी तिचं तोंड दाबलं.

"तुम्हाला कसं कळतं आजोबा, इथे काय काय आहे?" रायनने विचारलं.

"मी रोज तुझी वाट बघत इथेच फिरतो ना."

आणि मोर ओरडला. आधी रायनच्या मागे, मग क्षणभराने त्याच्या हातातल्या फोनमध्ये.

रायन थांबला. फोनकडे पाहिलं. वळून झाडाकडे पाहिलं. पुन्हा फोनकडे. मग त्याने लाल बटण दाबलं.

झाडाआड अंकलच्या हातातला पडदा काळा झाला. तो काळा पडदा ते बघत राहिले. मी बरीच माणसं पाहिली आहेत, पण एवढा उंच माणूस इतका लहान झालेला पाहिला नव्हता. लीना पुढे निघाली, तिला मी हातानेच थांबवलं.

रायनने फोन आईच्या पर्समध्ये टाकला. मग एकटाच चालत झाडाशी गेला. अंकल मातीत गुडघ्यांवर बसले. पोराने चिमुकलं बोट उचललं, त्यांच्या गालावर टेकवलं आणि डावीकडून उजवीकडे सरकवलं, आपण स्क्रीनवरचं चित्र बदलायला सरकवतो तसं.

चेहरा गेला नाही.

त्याने पुन्हा एकदा सरकवून पाहिलं.