आत्याबाईंचा काढा

डॉक्टरीणबाईंनी डेन्टाचा रिपोर्ट दोनदा वाचला. ल्युपसच्या आजारामुळे तिचं शरीर तिच्यावरच उलटलं होतं. सांधे झाले, मूत्रपिंड झालं, आता यकृताचे आकडेही चढले होते.

"गोळ्या वेळेवर घ्या. दारूचा थेंब नको. आणि झाडपाल्याचं औषध तर मुळीच नको," बाईंनी बजावलं.

ती घरी आली, तर दारात तिच्या नवऱ्याच्या आत्या, असाबेआबाई, पातेलं घेऊन उभ्या. कडुलिंबाची साल अन् कसली कसली मुळं त्यांनी तीन तास उकळली होती.

"यकृत धुऊन निघेल बघ, पोरी!"

म्हातारीच्या बोटांवर चटक्यांचे फोड आले होते. डेन्टाला नाही म्हणवेना. आत्याबाईंची पाठ वळताच काढा गटारात गेला. दुसऱ्या दिवशीचाही. रोजचाच.

तीन महिन्यांनी आकडे उतरले.

"काढ्यानंच ना?" आत्याबाईंनी विचारलं.

"हो... गुणकारी आहे," डेन्टा बोलून गेली.

झालं! रविवारी चर्चमध्ये आत्याबाईंनी उभं राहून साक्ष दिली. बायका बाटल्या घेऊन दारात हजर! पहिल्याच घोटाला त्यांची तोंडं वाकडी झाली आणि गर्दी ओसरली. डेन्टाला हायसं वाटलं. आता कशाला म्हातारीचं मन मोडा?

पुढच्या तपासणीला ती इस्पितळात गेली, तर बाकावर आत्याबाई. डोळे पिवळेजर्द, पाय सुजलेले.

"आत्याबाई, हे काय?"

"हळू बोल. तुला एवढा गुण आला, म्हणून मीही सुरू केला. रोज दोन पेले."

डेन्टा त्यांच्या शेजारी टेकली. "आत्याबाई, मी तो कधी प्यालेच नाही. ओतून देत होते."

"सगळा?"

"सगळा."

आत्याबाई पिशवी उचलून बाकावर लांब सरकल्या. तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं. दोघी आत गेल्या.

"झाडपाल्याचं काही घेता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे! मी कशाला घेतेय?" आत्याबाई ताडकन म्हणाल्या.

डेन्टा पुढे झाली. "घेतात. रोज दोन पेले. माझ्यामुळे."

घरी येईपर्यंत आत्याबाई तिच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात दोघींची तपासणी एकाच दिवशी होती. डेन्टा खाली मान घालून पोचली. बाक खच्चून भरला होता. फक्त आत्याबाईंच्या शेजारच्या जागेवर त्यांची पिशवी होती, आणि तिथे बसू पाहणाऱ्या एका बाईशी त्या कडाकडा भांडत होत्या.