आत्याची लाँड्री आणि माझं भरवशाचं इंजिन

डेटाबेसच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये! आत्याच्या लाँड्रीचा सगळा संगणकी कारभार मी एकट्याने बसवला. कुठला कपडा कोणाचा, कुठल्या दांडीवर टांगलाय, सगळं एका टेबलात. फक्त त्याखालचं स्टोरेज इंजिन, म्हणजे नोंदी प्रत्यक्ष साठवणारी यंत्रणा, मी जुनं निवडलं होतं. का, तर ते जोरात पळायचं.

एका दुपारी नोंद चालू असतानाच वीज गेली आणि टेबलाचा पार बट्ट्याबोळ झाला. मी दुरुस्ती चालवली, तर निम्म्या नोंदी गायब, उरलेल्यांची सरमिसळ. तेवढ्यात वकीलसाहेब काळा कोट न्यायला आले. त्यांच्या नावावर निघालं अस्वल. शाळेच्या नाटकातलं.

"उद्या सुनावणी आहे माझी," वकीलसाहेब म्हणाले.

"डोकं वेगळं काढता येतं," आत्या म्हणाली.

दुकान उलथंपालथं केल्यावर कोट सापडला. मग ती माझ्याकडे वळली. "इंजिन बदल, नाहीतर मी भाचा बदलते."

सुट्टीचा अख्खा दिवस खपून मी नवं इंजिन बसवलं. "हे आधी टिपून ठेवतं, मग करतं," मी समजावलं. "मध्येच वीज गेली, तर नोंद एक तर पुरती होते, नाहीतर मुळीच होत नाही. अर्धवट काही ठेवत नाही."

"म्हणजे तुझ्या अगदी उलट."

आता मी इरेला पेटलो. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर परीक्षा ठेवली. पँटवर चहा सांडलाच होता, तीच धुवायला दिली आणि एक चादर गुंडाळून काउंटरपाशी उभा राहिलो. आत्याने पँटची नोंद टाकली, बटण दाबलं, आणि त्याच क्षणी मी वायर उपटली. वकीलसाहेबांनी श्वास रोखला. त्यांचा कोट पुन्हा धुवायला आला होता.

वायर परत जोडली, संगणक सुरू झाला. एकूण एक कपडा जागच्या जागी! लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्याने चक्क माझ्या पाठीवर थाप मारली.

"चला, डाग राहू दे, माझी पँट दे," मी म्हणालो.

तिने पडद्यावर पाहिलं. "तुझ्या नावावर पँट नाही."

"नसणारच. ती नोंद अर्धवट होती, म्हणून इंजिनाने मागे घेतली."

"म्हणजे मुळीच झाली नाही."

"अगं, पण ती बघ, तुझ्या मागेच टांगलीय."

"असेल. संगणकात नाही ते द्यायचं नाही, हे तूच शिकवलंस."

मी आशेने वकीलसाहेबांकडे पाहिलं.

"पुरावा कच्चा आहे," ते म्हणाले आणि कोट घेऊन चालते झाले.

मी चादर घट्ट धरून, ताठ मानेने घरी निघालो. इंजिन मात्र, खरं सांगतो, अगदी भरवशाचं निघालं.