चंद्रा म्हशीचा कान

कसबा बावड्यातल्या हंबीररावांच्या गोठ्यात त्या दिवशी कातरवेळी चंद्रा म्हैस डोळे अर्धे मिटून, जुन्या आठवणीत हरवल्यासारखी उभी होती. रवंथ चालू, शेपटी चालू, पण कासेतून थेंब उतरायला तयार नाही. हंबीरराव बादली गुडघ्यात धरून घामाघूम झाले होते.

“पान्हा चोरलाय हिनं!”

“चोरंल न्हाय तर काय?” दारातनं तानाबाई म्हणाल्या. “धारंला रोज सूनबाई जाती. स्नेहलच्या पैंजणाची छुमछुम ऐकली की ही पान्हा सोडती. आता ती गेलीया शिरोळला भावाच्या लग्नाला. तुमच्या मिशा बघून सोडंल व्हय?”

एरवी हंबीररावांनी डेअरीतून दूध आणलं असतं. पण आज देवळात सप्ताहाचं कीर्तन होतं. देवळाच्याच मागच्या खोलीत चुलीवर खपली गव्हाची खीर रटरटत होती आणि तिच्यात चंद्राचंच दूध पडेल, असा शब्द त्यांनी चारचौघांत छाती ठोकून दिला होता. देवाला दिलेला शब्द आणि म्हशीनं अडवलेला, म्हणजे काय म्हणावं!

मग तानाबाईंनीच उपाय काढला. त्यांच्या पायात भरीव वाळे होते. त्यांनी गोठ्यात दोन फेऱ्या मारल्या. पण वाळे मुके, चंद्रानं मानही वळवली नाही. मग ट्रंकेतून सासूबाईंचे जाड तोडे निघाले. ते एकमेकांवर असे खणाणले की चंद्रानं दचकून बादलीच लाथाडली. शेवटी हंबीररावांनी सुनेला फोन लावला.

“मामंजी, मी हितं नाजूक साखळ्या घालून आलोय,” मागं सनई वाजत होती. “घुंगराचं हुपरीचं पैंजण माझ्या कपाटात हाय. पर नुसतं हातानं हलवून भागायचं न्हाय हं. पायात घालून चालाय लागतंय. तिला कळतंय.”

तानाबाईंचे पाय सुजलेले, पैंजण काही बसेनात. दोघांची नजर मग हळूच हंबीररावांच्या पायांवर गेली. मिशा पैलवानाच्या असल्या तरी पाय त्यांचे बगळ्याचेच होते.

“हॅट! मी न्हाय घालणार!”

“अवो, देवाचं काम हाय. बघतंय कोण?”

“म्हस बघत्या की!”

पण आचारी गणपतरावांचा फोन आला, “पावणं, खीर बुडाला लागाय लागलीया, दूध कुठाय?” आणि पैंजण पायात चढले. फिरकी ढिली होती म्हणून तानाबाईंनी ती पकडीनं चांगली आवळली.

हंबीरराव दारातून निघाले. छुम. छुम. गोठ्यात धुराची निळी पट्टी तरंगत होती, गवताला ओला वास होता आणि त्या मऊ अंधारात तो रुपेरी आवाज कुणी लांबून साद घालावी तसा येत होता. चंद्राचे कान उभे राहिले. तिनं एक लांब सुस्कारा टाकला आणि तानाबाईंच्या हाताखाली धारा सुरू झाल्या.

“थांबू नका, फेऱ्या घाला!” तानाबाई पुटपुटल्या. हंबीररावही थांबले नाहीत. तिसऱ्या फेरीला तर ते जरा लयीतच चालत होते.

किटली भरली. पैंजण मात्र निघेनात. साबण झाला, तेल झालं, पकड झाली, फिरकी हलेना.

“ऱ्हाऊ द्या. करकरती चप्पल घाला, आवाज त्यात बुडंल,” तानाबाई म्हणाल्या.

खरंच बुडला. रस्त्यात एकानं विचारलं, “काय हंबीरराव, नवी चप्पल?”

“व्हय, हुपरीची,” त्यांच्या तोंडून निसटलं. चांदीच्या गावात चपला कधीपासून व्हायला लागल्या, याचा विचार करत तो माणूस तिथंच उभा राहिला.

देवळाच्या दारात मात्र चप्पल काढावीच लागली. खिरीकडं जायची वाट मंडपातूनच होती. आत निशिगंधाताईंचं कीर्तन रंगलं होतं. मृदंग थांबला होता, समया संथ जळत होत्या.

“मायबापहो, डोळे मिटा,” ताई म्हणत होत्या. “यशोदामाय दारात उभी आहे. तिचं बाळ आज पहिल्यांदा पाऊल टाकणार आहे. कान द्या... येईल आवाज.”

सगळ्यांचे डोळे मिटलेले पाहून हंबीररावांनी पाऊल उचललं.

छुम.

मंडपाचा श्वास थांबला.

छुम. छुम.

“आला गं बाई, आला!” म्हाताऱ्या झुंबरबाईंनी हात जोडले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

हंबीरराव किटली धरून मधोमध थिजले. निशिगंधाताईंनी एक डोळा किलकिला केला. मिशा दिसल्या, किटली दिसली, धोतराखाली चांदी दिसली. त्यांचे ओठ थरथरले. पण त्या हसल्या नाहीत.

“कुणीही डोळे उघडायचे नाहीत हं,” त्या हळुवार म्हणाल्या आणि हातानं खुणावलं, जा.

हंबीरराव मागच्या खोलीत पोचले. दूध खिरीत पडलं. गणपतराव त्यांच्या पायांकडं बघत ढवळायचं विसरले.

बाहेरून झुंबरबाईंचा कापरा आवाज आला, “गेला व्हय गं? एवढ्यातच?”

मागच्या दाराला आतून कडी होती, ती आता काढता येत होती. तिथून थेट घर गाठता आलं असतं. हंबीररावांनी रिकामी किटली खाली ठेवली, धोतराचा सोगा खोचला, स्वतःचेही डोळे मिटले आणि पुन्हा मंडपात पाऊल टाकलं.