घोड्याखालच्या ढालीचा ठराव

ज्ञान पुराव्यावर उभे असते. पुरावा काचेच्या कपाटात कुलूपबंद असला, की ते अधिकच भक्कम उभे राहते. याच तत्त्वावर १९७८ साली आम्ही नाशकात जुन्या युरोपीय चांदीच्या नाण्यांचे संग्राहक मंडळ काढले. सभासद आठ, नाणी शून्य. (छायाचित्रे पुष्कळ होती.) शून्यामुळे संग्रहाचा दर्जा शुद्ध राहतो, असे आमचे अध्यक्ष पुंजाराम सोनवणे म्हणत. ते शाळेत इतिहास शिकवीत, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती.

पुढे खबर लागली, की सायखेड्याच्या मालनबाईंच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक म्हणून जे पुजले जाते, ते मुळात सतराव्या शतकातले हॉलंडचे नाणे आहे. आम्ही तडक एसटी पकडली. भंडाऱ्याच्या थराखाली हात उगारलेला घोडेस्वार दिसत होता. अध्यक्षांनी परदेशी पुस्तकातला फोटो शेजारी धरून पाऊण तास प्रबोधन केले. हा देव नव्हे, डच शिपाई. घोड्याखाली कुत्रा नव्हे, ढाल.

"म्हंजे माझ्या सासऱ्यानं जन्मभर शिपायाला न्हाऊ घातलं?" मालनबाईंनी विचारले.

"अज्ञानाने," अध्यक्ष उदारपणे म्हणाले.

बाईंनी पदराने डोळे पुसून तो टाक आमच्या हातात ठेवला. देव नसेल तर देव्हाऱ्यात कशाला, हा त्यांचा प्रामाणिकपणा आम्हाला फार भावला. बदल्यात आम्ही सराफ बाजारातला कोरा करकरीत टाक दिला. (पोच घेतली.)

नाशकात येऊन नाणे साबणाने घासले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पूजेने ते इतके झिजले होते, की अक्षर नाही, साल नाही, मागची बाजू तर पार गुळगुळीत. घोड्याखाली नुसते एक टेंगूळ उरले होते. ती ढाल की कुत्रा, यावर शास्त्रीय पद्धतीने मतदान झाले. ढाल पाच, कुत्रा दोन, तटस्थ एक (ते चष्मा विसरले होते). नाणे बहुमताने डच ठरले.

मग नाण्याचे प्रदर्शन भरवले. गर्दी लोटली. लोक नाण्याखालची 'डच नाणे' ही चिठ्ठी वाचत, "वा!" म्हणत आणि पुढे सरकत. चंपाषष्ठीला मालनबाई आल्या. त्या चिठ्ठीऐवजी नाणेच पाहत राहिल्या.

"याच्यावर तर कायच लिव्हलेलं नाय. शिपाई कशावरून?"

"खाली चिठ्ठी आहे ना, बाई."

"ती कोणी लिव्हली?"

"मंडळाने."

"मग माझा देव द्या परत. नव्यात जीव लागंना, साहेब."

ठराव मंजूर झालेला आहे आणि मंडळ श्रद्धेपुढे झुकत नाही, हे आम्ही त्यांना शांतपणे समजावले. काचेला हात जोडून त्या निघून गेल्या. आम्हाला वाईट वाटले. कोणीतरी सांगितले म्हणून माणसे किती सहज विश्वास ठेवतात!

सुज्ञ वाचकांचे तसे नाही. नाणे हॉलंडचे आहे हे आपण आम्ही म्हणताक्षणी मान्य केलेत, आणि आपल्याला तर आम्ही फोटोसुद्धा दाखवला नव्हता. मंडळात एक जागा रिकामी आहे. आम्हाला असेच सभासद हवे आहेत.