चोचीला बांधलेला कापूस

एका जंगलात मधाचा कारखाना होता, मुलांनो. नीट बसा. चुळबूळ नको.

कारखाना अस्वलशेठचा. शेठ फक्त चाखायला येत. कारभार कोल्हेसाहेब बघत.

मधाचा हौद एका जुन्या सावरीवर, मचाण बांधून ठेवला होता. मचाणाखाली दाट सावली. तिथे कामकरणींची पिल्लं दिवसभर खेळत. मुंगसांची, सशांची, साळिंदरांची.

दर पौर्णिमेला झाड तपासायचं काम टकोबा सुतारपक्ष्याचं. चोचीने ठोकायचं, कान द्यायचा, पानावर ‘ठीक’ लिहायचं. चाळीस पौर्णिमा त्याने ‘ठीक’ लिहिलं. एक्केचाळिसाव्या वेळी ठोकलं आणि तो थांबला. आतून रिकाम्या मडक्यासारखा आवाज आला.

“झाड पोकळ झालंय, साहेब,” तो म्हणाला. “हौद उतरवा. निदान पोरं तरी हलवा.”

साहेबांनी बैठक घेतली. बैठक समोरच्या वडाखाली होत असे. साहेबांची खुर्चीही तिथेच.

“सण तोंडावर आलाय. हौद आत्ता उतरवायचा?” साहेब म्हणाले. “आणि तुमच्या ठकठकीनं कामगार घाबरतात. चोचीला कापूस बांधा.”

चोच टकोबाची, पण पगार शेठचा. त्याने कापूस बांधला आणि पुन्हा ठोकलं.

“आता पोकळ आवाज येतो?”

“आता कसलाच येत नाही.”

“मग तसं लिहा. पोकळ आवाज नाही.”

बैठकीने माना डोलावल्या. झाडावर पाटी लागली : ‘जंगलातील सर्वांत सुरक्षित जागा.’

संध्याकाळी मुंगूसबाई आली. “टकोबा, मला वाचता येत नाही. तुम्ही सांगा. पोरं ठेवू का तिथं?”

टकोबाने खाली बघितलं. “उद्या सांगतो,” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाटीला हार घालायचा समारंभ होता. शेठही आले होते. टकोबाने सगळ्यांसमोर पानावर ‘ठीक’ लिहिलं आणि हात जोडावेत तसे पंख जोडले.

“एक विनंती आहे. इतकी सुरक्षित जागा पोरांना कशाला? साहेबांचा जीव मोलाचा. त्यांची खुर्ची मचाणाखाली आणावी. पोरं जातील वडाखाली.”

कामगारांनी टाळ्या वाजवल्या. “छान सुचलं,” शेठ मिशीवरचा मध चाटत म्हणाले.

खुर्ची आली. साहेब बसले. वर कुठेतरी कर्र झालं. साहेबांनी वर बघितलं. पुन्हा कर्र झालं.

“टकोबा,” साहेब हळूच म्हणाले, “तो कापूस जरा काढता का?”

“काढला असता, साहेब. पण बैठकीचा ठराव आहे.”

बैठक तिथल्या तिथे झाली, उभ्याउभ्या. सणाचं नावही कोणी काढलं नाही. दिवस मावळायच्या आत हौद रिकामा झाला.

तिसऱ्या दिवशी सावर कोसळली. खाली फक्त खुर्ची होती. तिचा भुगा झाला. वडाखालची पिल्लं दचकली, आणि पुन्हा खेळायला लागली.

शेठनी साहेबांच्या दूरदृष्टीचा सत्कार केला. टकोबाला नोटीस आली. पोकळ झाडाला त्याने ‘ठीक’ लिहिलंच कसं? त्याने नोटीस दोनदा वाचली, चोचीचा कापूस सोडला आणि ती त्यात गुंडाळून दुसऱ्या रानाकडे उडून गेला.

तात्पर्य : धोका वर कळवण्यात वेळ दवडू नये. साहेबांची खुर्ची त्याच्याखाली सरकवावी, आणि तत्पूर्वी दुसरी नोकरी बघून ठेवावी.