चार बरण्या चरबी आणि एक मोटरसायकल

"नगरपालिकेनं अख्खा समुद्र आणून रस्त्यावर ओतला, तरी माझ्या मोटरसायकलला गंजाचा ठिपका दिसणार नाही!" बोगुमिलनं बायकोला ठणकावून सांगितलं.

गाडी खरं तर सासऱ्यांची. अलॉयझीबाबांनी ती चाळीस वर्षं जिवापाड जपली होती आणि देताना बजावलं होतं, "जावईबापू, पोरगी दिली ती दिली. पण गाडीवर गंज दिसला तर परत नेईन!" नाताळाआधीच्या रविवारी ते यायचे होते. शहाण्यानं गाडी हिवाळाभर झाकून ठेवली असती. पण बोगुमिलला शहाणपण शिकवायची कोणाची टाप!

बर्फ वितळावा म्हणून रोज सकाळी नगरपालिकेचा ट्रक मीठ फेकत जायचा आणि बोगुमिल मूठ उगारून त्याच्यामागे धावायचा. "अरे, हा रस्ता आहे की लोणच्याची बरणी?" ड्रायव्हर ढिम्म!

दुकानातलं वंगण घेणं म्हणजे लूट, असं त्याचं ठाम मत. आजोबांनी लष्करात बंदुका डुकराच्या चरबीनं गंजापासून राखल्या होत्या ना! तळघरात सासूबाईंनी पाठवलेल्या चरबीच्या चार बरण्या होत्याच. बायको डोरोता बाजारात जाताच त्यानं चारही बरण्या रिकाम्या करून सायलेन्सरपासून मडगार्डपर्यंत सगळं चोपडून काढलं. चाकाच्या आऱ्यांत मात्र हात शिरेना, तेवढ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी गाडीवर पिवळ्या चिमण्यांची झुंबड! थंडीत त्यांच्यासाठी घरोघरी खिडकीत चरबीचा तुकडा टांगतात. इथं तर अख्खी पंगतच मांडलेली. मग कुत्री आली. कामावर जाताना पार कारखान्यापर्यंत तीन कुत्री त्याच्यामागे धावली. "लाज नाही वाटत?" तो कुत्र्यांवर खेकसला.

रविवारी बाबा बसमधून उतरून अंगणात आले, तेव्हा शेजारच्या रोझालियाकाकू गाडीपाशीच उभ्या होत्या.

"किती गुणी जावई हो तुमचा! पाखरांना केवढं खाऊ घालतोय!" त्यांनी टाकीवर बोट फिरवलं, चाखलं आणि थू थू करत त्या बोगुमिलवर उखडल्या. "अरे मेल्या, ही खारट आहे! पाखरांना बिनमिठाची घालतात, एवढंही कळत नाही?"

"खारट?" बोगुमिलचा चेहरा उतरला.

"आईची चरबी खारटच असते," दारातून डोरोता म्हणाली. "पावाला लावायची ना ती! सात वर्षं ओरपतोयस!"

बाबांनी रुमालानं सायलेन्सर पुसला. खाली तांबूस गंज! जिथं जिथं बोगुमिलचा हात फिरला होता, तिथं तिथं गंज. आऱ्या तेवढ्या लखलखीत.

"बाबा, त्या नगरपालिकेनं..."

"नगरपालिकेनं रस्त्यावर टाकलं, जावईबापू. गाडीला तुम्ही चोळलंत!"

बाबांनी किक मारली आणि जेवायलाही न थांबता निघून गेले. मागोमाग तीन कुत्री.

बोगुमिल तणतणत पानावर बसला. नगरपालिका, सासूबाई, आजोबा, सगळ्यांचा उद्धार झाला. डोरोतानं पाव आणि आंबवलेल्या काकड्या पुढे सरकवल्या.

"आणि चरबी?"

"गेली की बाबांबरोबर!"