माशांना ऊन लागलं

लाइट गेली तेव्हा विमलताई पोळ्या लाटत होत्या आणि नागोराव माशांचा ताप पाहत होते. मे महिन्याच्या दुपारी राळेगावात लाइट गेली की माणसं आधी लाइनमनचा उद्धार करतात आणि मग हातपंखा शोधतात. नागोरावांनी दोन्ही केलं नाही. ते बैठकीतल्या काचेच्या पेटीपुढे उकिडवे बसले आणि तिला चिकटवलेल्या थर्मामीटरकडे टक लावून पाहू लागले.

"चढून राह्यलं व, विमल. पंप बंद, पंखा बंद. श्वास कसा घेतीन हे?"

"अन् मी इथी गॅसपुढं भाजून राह्यली, त्याचं काय?" विमलताई आतूनच म्हणाल्या. "माह्या अंगाले लावला का कधी थर्मामीटर?"

नागोराव एसटीत कंडक्टर होते. जन्मभर 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणत त्यांनी जगाला पुढे सरकवलं, पण स्वतः मुकुटबनच्या पुढे फारसे गेले नाहीत. समुद्र तर पाहिलाच नव्हता. रिटायर झाल्यावर पाहू म्हणायचे. रिटायर झाले तेव्हा गुडघे म्हणाले, आता आम्हालाच पाहा. मुलगी निकिता मात्र समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करायला रत्नागिरीला गेली आणि दिवाळीत येताना बापासाठी हातभर समुद्र घेऊन आली. खारं पाणी, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे आणि जिवंत पोवळ्याचा एक गड्डा. विमलताईंच्या मते ती फुलकोबी होती.

मोठा मासा पुढे पोहायचा आणि लहाना त्याच्या मागे मागे, म्हणून नागोरावांनी एकाचं नाव ड्रायव्हर ठेवलं, दुसऱ्याचं कंडक्टर. काचेवर नखाने डबल बेल दिली, टिक टिक, की दोघं खाण्यासाठी वर यायचे. त्या वेळी नागोरावांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसे तो विमलताईंना लग्नातसुद्धा दिसला नव्हता, असं त्यांचं म्हणणं.

विमलताईंचं आणि पेटीचं पहिल्या दिवसापासून वाकडं. पेटीपायी टीव्ही फ्रिजच्या डोक्यावर गेला आणि मालिका पाहून पाहून त्यांची मान धरली. वर्षाच्या लोणच्याला लागत नाही एवढं पाकिटातलं समुद्री मीठ त्या पाण्याला लागायचं. "एखांद्या दिवशी तर्रीच करतो या दोघाइची," असं त्या साऱ्या मोहल्ल्याला ऐकवून बसल्या होत्या. आणि आज संध्याकाळच्या गाडीने निकिता येणार होती.

नागोरावांनी तिला फोन लावला. ती वाटेतच होती. तिने सांगितलं, बर्फ बाटलीत भरा, झाकण घट्ट लावा आणि बाटली पाण्यात सोडा. पाण्यात दुसरं काहीही टाकू नका. काहीही म्हणजे काहीही. घरातला बर्फ सकाळीच आंब्याच्या रसात गेला होता. नागोरावांनी डोक्याचा दुपट्टा ओला करून पेटीला गुंडाळला आणि सायकल काढली.

"अहो, डोक्शाले तं काही बांधा! बाहेर आग पडून राह्यली."

"दुपट्टा पेटीले हाये."

"घरात एकच दुपट्टा हाये का?"

पण ते फाटकाबाहेर गेले होते. तिथून त्यांनी वळून एवढंच सांगितलं, "पेटीकडं ध्यान ठेवजो. अन् त्याच्यात काही टाकू नको, विमल!"

हे शेवटचं वाक्य विमलताईंना भाजलेल्या पोळीपेक्षा जास्त लागलं. आपण काय टाकणार होतो? त्या फणकाऱ्याने पेटीपाशी गेल्या आणि जागीच थबकल्या. दोन्ही मासे तळाशी कोपऱ्यात पडले होते. कल्ले भराभर हलत होते. विमलताईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा काचेवर नख वाजवलं. टिक टिक. कोणी हललं नाही.

हे दोघं मेले तर कोण म्हणेल उन्हाने मेले? सारा मोहल्ला तर्रीची आठवण काढेल. लेक काही बोलणार नाही, पण बघेल. आणि नवरा तर बघणारही नाही.

"काय झालं, वहिनी?" दारातून मारोतराव डोकावले. हे शेजारी. कपाशीचे कास्तकार, त्यामुळे पेरणीपर्यंत त्यांना सल्ले देण्याखेरीज काम नव्हतं. त्यांनी पेटीत पाहिलं, मान हलवली आणि निदान केलं. "याईले ऊन लागलं."

"पाण्यात राहून?"

"पाणी तापलं ना! कांदा द्या पह्यले."

तो त्यांनी स्वतःच टोपलीतून आणला. पाण्यात टाकायला विमलताईंनी सक्त मनाई केली, म्हणून पेटीच्या काठावर ठेवला. "वास तरी लागू द्या," म्हणाले. मग घरी जाऊन कैरीच्या पन्ह्याचा तांब्या भरून आणला आणि थेट पेटीवर वाकले. विमलताई लाटणं घेऊन मधे उभ्या राहिल्या.

"एक थेंब पडला तं पाह्यजा, भाऊजी!"

"वहिनी, मागच्या साली माह्या बैलाले ऊन लागलतं. पन्हं पाजलं, संध्याकाळी वखराले उभा!"

"पाजलंत ना? पन्ह्यात पोहाले तं नाही सोडलं त्याले?"

मारोतरावांनी तांब्या खाली ठेवला आणि तेवढ्यात लाइट आली. पेटीतला पंप गुरगुरला. विमलताईंचं लक्ष खिडकीजवळच्या कूलरकडे गेलं. आपण त्याच्यासमोर बसून गार होतो तर मासे का होणार नाहीत? दोघांनी तो फरफटत आणून पेटीपुढे उभा केला. टाकी कोरडी ठणठणीत. नळाला आज पाणी नव्हतं, पण व्हरांड्यात सावलीला निळे ड्रम होते. विमलताईंनी पुढच्या ड्रममधून बादल्या भरून दिल्या, मारोतरावांनी ओतल्या आणि कूलर सुरू झाला.

थर्मामीटर हळूहळू उतरू लागला. विमलताईंनी पुन्हा डबल बेल दिली. कंडक्टर हलला. वर आला, काचेला तोंड लावून उभा राहिला. मागून ड्रायव्हर निघाला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कंडक्टर पुढे होता. विमलताईंचे डोळे भरून आले. "गुणाचे माहे बाप्पा," त्या म्हणाल्या, आणि मारोतराव पाहत आहेत हे लक्षात येताच पदराने काच पुसू लागल्या.

"पाह्यलं? कांद्यानं फरक पडला," मारोतराव म्हणाले.

फाटकाशी सायकल पडल्याचा आवाज झाला. नागोराव दारात उभे होते. तोंड लालभडक, अंगावर घामाचा टिपूस नाही, बगलेत बर्फाची गोणपाटातली लादी. "मासे?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता उंबऱ्यावरच बसकण मारली. मग समोर कोणी नसताना म्हणाले, "चला, पुढे सरका. सुट्टे पैसे काढून ठेवा."

विमलताईंनी धावत जाऊन त्यांना धरलं. मारोतरावांनी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, ओल्या कपड्यात गुंडाळा, बर्फ लावा, हवा घाला, मी निघालोच. दोघांनी नागोरावांना उचलून गादीवर घातलं. विमलताईंनी एका हिसक्यात कूलर त्यांच्याकडे फिरवला.

"मले नको," नागोराव पुटपुटले. "तिकडं कर. माश्याइकडं."

"गप पडा! मासे दुसरे भेटतीन मले!"

हे बोलल्या खऱ्या, पण नजर पेटीकडे गेलीच. कंडक्टर अजून काचेपाशीच होता. विमलताईंनी पदर खोचला, गादी नवऱ्यासकट ओढली आणि पेटीला समांतर लावली. आता एकाच कूलरची हवा तिघांना लागत होती. बर्फ फोडला. थोडा बाटलीत भरून पेटीत सोडला, बाकीचा नवऱ्याच्या डोक्यावर. पेटीचा ओला दुपट्टा सोडून त्यांच्या छातीवर टाकला. काठावरचा कांदा उचलून मारोतरावांनी त्यांच्या खिशात घातला. डॉक्टर आले, तपासलं, थोडक्यात निभावलं म्हणाले आणि शुद्धीवर आहेत तर घोट घोट पन्हं द्यायला सांगून गेले. तांब्या तयारच होता.

"दवाई वाया नाही गेली," मारोतराव समाधानाने म्हणाले.

संध्याकाळी निकिता आली. बैठकीत बाप आडवा, त्याच्या शेजारी पेटी, आणि मासे काचेतून त्याच्याकडे पाहत आहेत. काय झालं ते मारोतरावांनी कांद्यापासून सुरू करून सांगितलं. ती बापाच्या उशाशी बसली, कपाळावर हात ठेवला. त्याचं तोंड पुसलं. ती काही बोलणार तेवढ्यात नागोरावांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"विमल, हवेत मीठ हाये व."

"अगं माय! अजून भ्रमात हायेत हे," विमलताई घाबरल्या. पण त्यांचीही जीभ ओठांवर गेली. मारोतरावांनी मिशी चाटली. "खरंच खारट हाये, वहिनी."

निकिता उठून व्हरांड्यात गेली आणि परत आली. "आई, कूलरमधे कोन्त्या ड्रमचं पाणी टाकलं?"

"निळ्या."

"दोन्ही निळेच हायेत. पुढच्या ड्रममधे बाबांनी सकाळी समुद्राचं पाणी बनवून ठेवलंतं. आज आम्ही पेटीचं पाणी बदलणार होतो."

सगळ्यांनी कूलरकडे पाहिलं. त्याच्या गवतावर पांढऱ्या मिठाची रेघ धरली होती. दिवसभर जिवाचं रान करून मासे वाचवले, नवरा वाचवला, आणि शेवटी बोल आपल्यावर आलाच, असं विमलताईंना वाटलं.

"गंजून जाईन हा," त्या पडल्या आवाजात म्हणाल्या. "बंद करतो." आणि बटणाकडे हात नेला.

"थांब," नागोराव म्हणाले. ते कूलरकडे तोंड करून डोळे मिटून पडले होते. "निकिता, समुद्रावर हवा अशीच राह्यते का?"

निकिताने क्षणभर आईकडे पाहिलं. "अशीच, बाबा. ओठाले खारट लागते."

"मंग राहू दे थोडा वेळ."

विमलताईंचा हात बटणापाशीच राहिला. समुद्र त्यांनीही कधी पाहिला नव्हता, आणि पाहायचा आहे का असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी हात मागे घेतला. लेकीने पुढच्याच ड्रममधून आणखी एक बादली आणून कूलरमध्ये ओतली. विमलताई गादीपाशी आल्या, पदर सोडला आणि नवऱ्याच्या खांद्याला हलकेच ढोसलं.

"पुढं सरका न, कंडक्टर," त्या म्हणाल्या. "मले बी लागू द्या."